जिन्यासमोरची तसबीर

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८४३. युसूफ वडगाव

तसबिरींची पेटी एकदाची आली. लातूरच्या स्टेशनावरून तात्याबाने बैलगाडीत कडब्याचा थर घालून आणली. तात्याबा आमचा जुना गडी. वाटेतला एकूण एक ओढा बैलांच्या पुढे चालून ओलांडला म्हणाला. एकही काच फुटलेली नाही. त्याला चहा द्यायला सांगितला आणि तो प्यायला बसेपर्यंत मी पेटी फोडलीसुद्धा.

माडीवरची बैठक दिवाळीतच तयार झाली, पण भिंती उघड्या होत्या. पौषात तालुकदारसाहेब हुरड्याला यायचे आहेत. माझा थोरला भाऊ आप्पा गेल्यापासून गावची पाटीलकी अधांतरी आहे. ती त्याच्या नावावरून माझ्या नावे व्हायला साहेबांचा शेरा हवा. तसबिरी बघून कोणी शेरा लिहीत नाही, एवढे मला कळते. पण उघड्या भिंतींत बसवलेला पाहुणा लवकर उठतो, हेही कळते.

विमल, म्हणजे आमचे कुटुंब, पेटीत डोकावून म्हणाली, "लोक माडीवर जवारी भरतेत, तुमी मान्सं भरायलाव."

मार्गशीर्ष शुद्ध ५

भिंतीला चित्र लावणे म्हणजे खिळा ठोकणे नव्हे. आधी उजेड कुठून येतो ते बघायचे, मग बसणाऱ्याची नजर कुठे जाते ते, मग भिंतीचा रंग. आमची भिंत फिकट निळी आहे, तिच्यावर सोनेरी चौकट उठून दिसते. तसबीर वरून जरा पुढे झुकती ठेवायची, म्हणजे काचेत खिडकी दिसत नाही. हे सगळे मी हैदराबादेत एका वकिलाच्या दिवाणखान्यात बसून शिकलो. काम वकिलाकडे होते, पण लक्ष सारे भिंतीकडे.

लोडाच्या वर मधोमध आलाहजरतांची, म्हणजे निजाम सरकारांची, तसबीर. तिच्या बरोबरीने दुसरे काही लावायचे नाही. पूर्वेला लक्ष्मी, खिडकीच्या दोन्ही अंगांना आरसे. जिना चढून येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडते त्या भिंतीवर घागर घेतलेली एक बाई लावणार होतो. मोठे देखणे चित्र आहे. विमल म्हणाली, "ती बाई काढा. बापे मान्सं हुरडा इसरतील." तिचे म्हणणे खरे होते. बाई आता आमच्या निजायच्या खोलीत आहे आणि तिथेही विमलने तिचे तोंड कपाटाकडे केले आहे.

मग त्या भिंतीला काय? पेटीच्या तळाशी दुकानदाराने एक जादा तसबीर घातली होती. कोणी सरदार आहे. खुर्चीत बसलेला, तांबडे पागोटे, रुंद कपाळ, पिळदार मिशा, उजव्या हातात गुलाबाचे फूल. खाली नाव नाही, गाव नाही. पण तांबडे पागोटे निळ्या भिंतीवर असे बसले, की मी जिन्यात चारदा उतरून चारदा चढलो.

मार्गशीर्ष शुद्ध ८

आज हातून एक गोष्ट झाली. लिहू की नको असे झाले आहे, पण लिहितो.

आईला ही माडी पहिल्यापासून आवडली नव्हती. आप्पाला जाऊन तीन वर्षे झाली, तरी घरात नवे काही आले की ती तोंड फिरवायची. मानमोडीच्या साथीत आप्पा चार दिवसांत गेला. आईचे डोळे त्याआधीच अधू होते, आता दोन्हींत मोतीबिंदू आहे. माणूस उभा आहे की खांब, एवढेच तिला कळते. हुरड्याच्या बैठकीलाही ती नाहीच म्हणत होती. "माझा लेक ज्या पाटीलकीवर बसला, तिचा सोहळा मला दावू नगंस," असे म्हणाली होती.

आज दुपारी काय मनात आले कोण जाणे, भिंत धरधरून वर आली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट सरदारावर पडले होते. आई शेवटच्या पायरीवर थांबली. किती वेळ थांबली. मग म्हणाली, "आप्पा हाय का रं त्यो?"

मी जवळ उभा होतो. खिळे ठोकायला आलेला सुतार आणि तात्याबा बघत होते. नाही म्हणायला जीभ उचललीही होती. पण तिचा चेहरा असा झाला होता, जसा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणालो, "हो."

आईने दोन्ही हातांनी काच चाचपली आणि तिथेच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "लई झ्याक खोली केलीस अर्जुना."

आप्पाची तसबीर घरात असायला हवी होती. ती नाही, याचे कारण आईच. मोमिनाबादच्या छावणीजवळ एक फोटोवाला बसायचा. आप्पाची बायको, सत्यभामावहिनी, तिला फार हौस होती की दोघांनी एकदा तरी फोटो काढावा. आप्पाही तयार झाला होता. आईने मोडता घातला. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे तिने तिच्या माहेरी पाहिले होते म्हणे. आप्पाने आईचे ऐकले. वर्षभराने साथ आली.

तेव्हा मनात म्हटले, म्हातारीला समाधान मिळाले तर कोणाचे काय गेले?

मार्गशीर्ष शुद्ध ९

वहिनींची धास्ती होती. आईने त्यांना सकाळीच हाताला धरून वर आणले. मी आरसा पुसत होतो, पुसलेलाच पुन्हा पुसत राहिलो. वहिनींनी तसबिरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. शेवटी म्हणाल्या, "बोटं लई सुरेख काढलीत."

म्हणजे त्यांनीही सांभाळून घेतले. चित्राची पारखही आहे त्यांना, बोटे खरेच फार नाजूक काढली आहेत. जीव भांड्यात पडला.

मार्गशीर्ष शुद्ध १५

आई रोज फुले घालते. मला एकामागून एक विचारते. रंगीत कसा? म्हटले, फोटोवरून रंगवून घेतला. कुठे काढला? मोमिनाबादला. कवा? इथे मी अडखळलो आणि तोंडात आले ते बोललो, "जायच्या वर्षी."

आई गप्प झाली. मला वाटले, आठवणीने गप्प झाली.

वहिनी अलीकडे संध्याकाळी जिन्यात उभ्या असतात. डोळे मिटून, भिंतीला टेकून. परवा मी वर जाताना दचकल्या आणि बाजूला झाल्या. त्यांनाही तसबिरीची ओढ लागली असावी.

मार्गशीर्ष वद्य ४

हे असे होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

सकाळी वहिनींनी आईपुढे भाकरी ठेवली. आईने ताट सरकवले. म्हणाली, "मी नगं म्हनलं व्हतं. तुला हौस व्हती. चोरून नेलंस त्याला फोटू काढायला. त्याच वर्सी गेला माझा लेक."

वहिनींच्या हातात तव्यावरची दुसरी भाकरी होती. ती हाताला पोळत असणार, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, वाट बघितल्यासारखे. मी एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटले असते. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि चूळ भरायला अंगणात गेलो.

आता लिहिताना कारणे सुचत आहेत. आईला किती धक्का बसेल. साहेब येऊन जाऊ देत, मग निवांत सांगू. सगळी कारणे चांगली आहेत. तोंड धुतले तेव्हा मात्र यातले एकही सुचले नव्हते, तेव्हा नुसती लाज वाटली होती.

मार्गशीर्ष वद्य १०

आई वहिनींच्या हातचे खात नाही. विमल वाढते. विमलला खरे ठाऊक आहे, पेटी तिच्यासमोरच उघडली होती. ती म्हणाली, "तुमी सांगताव का मी सांगू?" मी म्हटले, हुरडा होऊ दे. ती म्हणाली, "हुरड्याला लई दिस हायेत. जाऊबाई तवर काय खातील, बोलनी?"

पौष शुद्ध ११

साहेब आले. हुरडा झाला. शेतात आगट्या पेटवल्या, तिळाची चटणी, गूळ, दही, कशाची कमतरता नव्हती. नंतर सगळे माडीवर आले. साहेब जिना चढून थांबले ते नेमके मला हवे होते तिथे. "माशाअल्ला, पाटीलसाहब, कमरा खूब सजाया है." मग सरदाराकडे बोट करून विचारले, "ये कौन?"

आई दाराशी पदर घेऊन बसली होती. गावचे लोक होते, त्यांतल्या निम्म्यांनी आप्पाला पाहिलेले होते. ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "आमचे मरहूम थोरले बंधू."

कोणी काही बोलले नाही. म्हातारीचे डोळे गेले आहेत, पाटलाने तिच्यासाठी केले असेल, असे त्यांनी समजून घेतले असणार. मला एकाने नंतर शाबासकीही दिली. म्हणाला, "आईसाटी लई केलंव तुमी."

साहेब म्हणाले, भावाची इतकी याद ठेवणारा माणूस रयतेलाही सांभाळील. शेरा चांगला लिहितील असे दिसते.

खाली चुलीपाशी वहिनी शंभर माणसांचा स्वयंपाक आवरत होत्या. त्यांना वर कोणी बोलावले नाही. मीही नाही.

पौष वद्य २

हुरडा होऊन गेला. सांगितले नाही.

पौष वद्य ५

आईला ताप होता. सांगितले नाही. ताप साधाच होता.

पौष वद्य ९

वहिनींचा भाऊ गहिनीनाथ माजलगावाहून छकडा घेऊन आला. वहिनींनी कोणाकरवी तरी निरोप धाडला असावा. मी म्हणालो, काही दिवस माहेरी राहून या, बरे वाटेल. गहिनीनाथ माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काई दिस न्हाई पाटील. घिऊनच चाललोय."

आई ओसरीवर माळ ओढत बसली होती. वहिनी तिच्या पाया पडल्या. आईने पाय आखडून घेतले.

मी छकड्यापर्यंत गेलो. वहिनींचे एक गाठोडे आणि आप्पाची घोंगडी, एवढेच सामान होते. छकड्यात बसल्यावर त्या हळू म्हणाल्या, "भाऊजी, वर जाऊन त्या तसबिरीचा हात बगा एकदा. उजवा."

मी वर गेलो. फूल धरलेला हात. अंगठा, तीन बोटे, करंगळी. करंगळीत अंगठी.

आप्पाच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी उसाच्या चरकात गेली. मी जन्मल्यापासून तो हात तसाच पाहिला, म्हणून मला तो कधी तुटका वाटलाच नाही. त्या हाताला धरून मी चालायला शिकलो. आणि मी दीड महिना त्या तसबिरीसमोर उभा राहून ती बरोबर झुकली आहे का ते बघत होतो. सख्ख्या भावाचा हात मला आठवला नाही. वहिनींनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितले होते आणि मी त्यांना चित्राची पारख आहे असे इथे लिहून ठेवले. मागची पाने उलटून ते वाक्य दोनदा वाचले. फाडावेसे वाटले, मग राहू दिले.

माघ शुद्ध २

शेरा आला. पाटीलकी माझ्या नावे झाली. लोक भेटायला येत आहेत, माडीवर बसत आहेत. पहिल्यांदा सगळ्यांची नजर तिथेच जाते. तसबिरीची जागा मी ठरवली ती अगदी बरोबर ठरवली होती.

विमल माझ्याशी कामापुरते बोलते. घागरवाल्या बाईचे तोंड तिने कपाटाकडून काढून माझ्या पलंगाकडे केले आहे. म्हणाली, "बगा. तसबिरीच बगायच्या हायेत ना तुमाला."

माघ शुद्ध ७

आज सांगितले.

आई वर फुले घालत होती. मी म्हणालो, "आई, हा आप्पा न्हाई."

ती हसली. "विमलनं शिकिवलं का सत्यभामानं?"

"कुनीच न्हाई."

"माजं डोळं गेलेत, अक्कल न्हाई गेली. मी माज्या लेकराला वळखत न्हाई व्हय?"

मी तिची समजूत घालत बसलो. पेटी, लातूर, दुकानदार, सगळे सांगितले. ती मान हलवत राहिली. तिला वाटले मी वहिनींना परत आणण्यासाठी खोटे बोलतो आहे. दोन महिने खोटे बोललो ते तिला खरे वाटले होते, आणि आज खरे बोललो ते खोटे वाटत होते. शेवटी मी म्हणालो, "ह्याच्या उजव्या हातात फूल हाय आई. पाची बोटं हायेत."

तिच्या हातातली फुले तशीच राहिली. तिने आपला हात पुढे केला आणि हवेत धरल्यासारखा केला, जत्रेत लेकराचा हात धरतात तसा.

"करंगळी?"

"हाय. अंगठी हाय तिच्यात."

आई खाली बसली. मग म्हणाली, "मंजी त्यानं फोटू काडलाच न्हाई."

"न्हाई."

"माजं ऐकलंवतं त्यानं."

"हो."

"ऐकलं तरी गेला."

मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. माझ्या दिशेला तोंड करून, पण माझ्यापासून जरा बाजूला बघत, तिने विचारले, "मी तिला बोलायले तवा तू कुटं व्हतास?"

"हितंच."

"हितंच व्हतास," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, स्वतःशीच. मग भिंत धरून उठली. मी हात द्यायला गेलो, तिने घेतला नाही. जिना एकटी उतरली.

तसबीर काढून धान्याच्या खोलीत ठेवली आहे. तिथे आता काय लावणार, असे कोणी तरी विचारेल. काही लावायचे नाही.

माघ शुद्ध ११. माजलगाव

धारूरच्या घाटाने काल संध्याकाळी पोचलो. आईने निघताना एवढेच सांगितले होते, "तिला म्हनावं, म्हातारी पाया पडती." मी तो निरोप तसाच सांगितला. गहिनीनाथ उठून बाहेर गेला. वहिनी सुपात तूर पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला.

मी सगळे कबूल केले. साहेबांसमोर बोललो तेही. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही कामाला आले नाही.

वहिनी म्हणाल्या, "येईन मी. आत्याबाईंना हाय कोन. त्यांनी बोललं त्येचं मला न्हाई, त्यांचा लेक गेलाय." मग पुन्हा पाखडू लागल्या. मला वाटले झाले, सुटलो. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले आणि त्याचीही लाज वाटली.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माज्यापाशी त्यांचं काईच नव्हतं भाऊजी. लेकरू न्हाई, फोटू न्हाई. निस्ता चेहरा व्हता. डोळे मिटले की यायचा. तुमी ती तसबीर लावली, आत्याबाई रोज मला तिच्याम्होरं उबं करायच्या. म्हनून सांजच्याला जिन्यात थांबून मी डोळे मिटून खरा चेहरा परत आनायची. पयले पयले आला." सूप त्यांनी खाली ठेवले. "आता न्हाई येत. डोळे मिटले की त्योच येतो. फूल घिऊन."

माझ्या मनात होते, बैठक शोभायची म्हणून लावली.

"तुमाला आठवतो का?" त्यांनी विचारले.

त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "हो."

"मग सांगा. कसे दिसायचे?"

मी सुरुवात केली. कपाळ रुंद होते. मिशा... आणि थांबलो, कारण मिशा पिळदार सांगायला निघालो होतो, आणि आप्पाने आयुष्यात मिशीला पीळ दिला नव्हता. डोळे कसे होते? हसताना काय व्हायचे? पंचवीस वर्षे त्या माणसासमोर जेवलो. मी पुन्हा आठवून पाहिले, पुन्हा तांबडे पागोटे आले. मग मी हाताचे सांगू लागलो. चार बोटांनी कासरा कसा धरायचा, मला खांद्यावर घेताना तो हात पाठीला कसा लागायचा.

"हात मलाबी आठवतो," वहिनी म्हणाल्या. "मी चेहरा इचारला."

त्या उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी माझ्यासाठी ताट वाढून आणले. भाकरी गरम होती. समोर बसून त्यांनी मला जेवू घातले, आणि मी जेवलो.